पहिला इन्फ्रारेड रोल अर्धा कोरा आला? आधी फिल्टरच्या कडेवरचा आकडा वाच

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांचा निकॉन एफएम-टू आणि २८ एमएमची जुनी मॅन्युअल लेन्स मिळाली, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टिपणाऱ्या रोलाय इन्फ्रारेड ४०० या काळ्या-पांढऱ्या फिल्मचे दोन रोल मागवले, त्यातला एक सप्टेंबरअखेर राजगडावर संपवला. ३६ पैकी पंधरा-सोळा फ्रेम ठार कोऱ्या, उरलेल्यांत आकाश जरा गडद पण झाडं नेहमीसारखीच करडी, आणि सुरुवातीच्या तीन-चार फ्रेमवर कडेने धूर शिरल्यासारखं काहीतरी. आता दुसरा रोल ऑक्टोबरात पुन्हा राजगडावर न्यायचा की विकून टाकायचा? कॉलेजात आहेस असं लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

विकू नकोस. तू जे काही केलंयस ते सगळं मी पण करून बसलोय, फक्त मी ते कोडॅकच्या एचआयई या जुन्या इन्फ्रारेड फिल्मवर केलं होतं आणि ती फिल्म २००७ मध्ये बंद झाली, त्यामुळे माझे रोल परत मिळायचा प्रश्नच नाही, तुझा अजून फ्रीजमध्ये आहे.

आधी कोऱ्या फ्रेमचं बघू. तू लिहिलंयस की दोन फिल्टर होते, एक लाल आणि एक "काळा, ऑनलाइन घेतलेला, आयआर ८५०". खेळ तिथेच संपला. रोलायची ही फिल्म साधारण ८२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशापर्यंत बघते आणि ७५० च्या पुढे तिची नजर आधीच कमजोर व्हायला लागते. ८५० चा फिल्टर ८०० च्या खालचं जवळजवळ काहीच आत सोडत नाही. म्हणजे फिल्मला जे दिसतं ते फिल्टर अडवतो आणि फिल्टर जे सोडतो ते फिल्मला दिसत नाही, मग तू शटर दहा सेकंद उघडं ठेव नाहीतर दहा मिनिटं, निगेटिव्ह पारदर्शकच येणार. हे ८५० नि ९५० वाले फिल्टर डिजिटल कॅमेऱ्यासाठी असतात, सेन्सरचं सिलिकॉन हजारच्या पुढेही बघू शकतं. तुझ्या फिल्मला ७२० चा फिल्टर लागतो, होयाचा आर-७२ किंवा त्याच्याच जवळचा कोडॅकच्या जुन्या नंबरांतला ८९बी. तुझ्या लेन्सचा थ्रेड (फिल्टर बसवायचे आटे) ५२ एमएमचा आहे, त्या मापात सहज मिळतो.

आणि करड्या झाडांच्या फ्रेम लाल फिल्टरच्या आहेत, तो २५ए नंबरचा नेहमीचा लाल फिल्टर असणार. लाल फिल्टर ६०० च्या पुढचं सगळं सोडतो, म्हणजे डोळ्याला दिसणारा लाल प्रकाश पण भरपूर आत येतो आणि त्या गर्दीत इन्फ्रारेड बिचारं बुडून जातं. पान लाल प्रकाश खातं, त्यामुळे लाल प्रकाशात पान काळं, इन्फ्रारेडमध्ये पांढरं, दोन्हीची बेरीज करडी. पूर्वीच्या एचआयई ला २५ए लावून चालायचं कारण ती ९०० पर्यंत बघायची, तिच्या जुन्या लेखांमध्ये "लाल फिल्टर पुरे" असं जे वाचायला मिळतं ते तिच्यापुरतं खरं आहे, आजच्या फिल्मला ते लागू नाही.

पान पांढरं का येतं हे एकदा नीट समजून घे, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश वापरतं पण ७०० च्या पुढचं त्याच्या काही कामाचं नसतं, ते त्याच्यातून आरपार जातं. आणि पानाच्या आत पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांचं स्पंजासारखं जाळं असतं, त्यात ते किरण इकडून तिकडे आपटत साधारण निम्मे परत बाहेर पडतात. बर्फ पांढरा दिसतो तसंच ते, पानाची उष्णता वगैरे काही नाही त्यात. मला दर वर्षी कोणीतरी विचारतं की गरम माणूस उजळ दिसेल का, नाही दिसणार, चुलीवरचा तापलेला तवा पण या फिल्मवर काळाच येतो, थर्मल कॅमेऱ्याचं इन्फ्रारेड याच्या दहापटीहून लांब तरंगलांबीचं असतं. या पांढऱ्या झाडांना वुड इफेक्ट म्हणतात, आणि त्याचा लाकडाशी किंवा जंगलाशी संबंध नाही (मी बरीच वर्षं तेच समजत होतो), रॉबर्ट वुड नावाचा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होता, त्याने १९१० मध्ये असे लँडस्केपचे फोटो छापून आणले त्याचं ते नाव.

आकाश काळं का, तर निळं आकाश म्हणजे हवेने विखुरलेला निळा प्रकाश, आणि हे विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताने कमी होतं. ४५० च्या निळ्यापेक्षा ७६० च्या आसपास ते जवळजवळ आठपट कमी. म्हणजे फिल्मसाठी आकाशात प्रकाशच नाही. ढगांचे थेंब मोठे, ते सगळंच सारखं परत फेकतात, म्हणून ढग पांढरे. आता यातून एक गोष्ट निघते जी कोणी नीट सांगत नाही. सावलीत आपल्याला जे दिसतं ते बहुतेक आकाशाच्या उजेडात दिसतं, आणि इन्फ्रारेडमध्ये आकाशच काळं, म्हणजे सावलीत दिवाच नाही. म्हणून सावल्या विहिरीसारख्या काळ्या येतात. म्हणून ढगाळ दिवशी हा रोल कॅमेऱ्यात घालायचाच नाही. थेट ऊन, तेही समोरच्या डोंगरावर पडलेलं हवं, आपल्या डोक्यावर पडलंय म्हणून भागत नाही.

एक्स्पोजर. इथे सगळे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर विश्वास ठेवतात आणि फसतात. मीटरला आपल्या डोळ्यासारखं बघायला शिकवलेलं असतं, त्याच्या सेलसमोर इन्फ्रारेड अडवणारी काच बसवलेली असते, त्यामुळे आर-७२ लावून एफएम-टूचे ते प्लस-गोल-मायनसचे लाल दिवे बघत बसलास तर ते काय सांगतायत ते त्यांनाही माहीत नसतं. फिल्टर काढून मोज. आयएसओची चकती १२ वर आण, त्याच्या खाली ती जातच नाही, आणि जे येईल त्याच्यात एक स्टॉप वाढव (प्रकाश दुप्पट), म्हणजे ६ धरल्यासारखं झालं. डब्यावर ४०० लिहिलंय हे विसरून जा, तो आकडा बिनफिल्टरचा. स्वच्छ ऑक्टोबरच्या उन्हात हे लेन्सचं छिद्र एफ-११ ला ठेवून जवळपास १/१५ सेकंद येतं. मग १/८ आणि १/४ पण मार. तिन्ही. दर वेळी. कंजूषपणा करू नकोस, एका ट्रेकचा खर्च, एसटी, डबा, दोन तासांची चढण, आणि दोन फ्रेम वाचवल्या म्हणून हाताशी काही नाही, हे मी केलंय. कारण उन्हात इन्फ्रारेड किती आहे ते सूर्य किती वर आहे यावर बदलतं, सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असताना दिसणारा प्रकाश वाटेत विखुरतो आणि इन्फ्रारेड त्या मानाने जास्त पोचतं, त्यामुळे मीटर सांगतो त्यापेक्षा फिल्मला जास्त मिळतं. दुपारी उलट. खिशात छोटी वही ठेव, फ्रेम नंबर, वाजले किती, ऊन कुठून, एवढंच लिही. फोनवर लिहू नकोस, गडावर बॅटरी संपते आणि मग सगळंच जातं.

आर-७२ लावल्यावर व्ह्यूफाइंडर काळाठिक्कर होतो हे तुला कळलंच असेल. म्हणजे ट्रायपॉड लावायचा, फिल्टर न लावता फ्रेम ठरवायची, फोकस करायचा, मग फिल्टर फिरवून लावायचा. आणि इथे गंमत होते, फिल्टर फिरवताना बोटांबरोबर फोकसची रिंग पण फिरते, कळतही नाही. मी डाव्या हाताच्या दोन बोटांनी रिंग धरून ठेवतो आणि फिल्टर पूर्ण आवळत नाही, दीड आटा बसला की बास. फोकसचं अजून एक, इन्फ्रारेड थोडं मागे जाऊन फोकस होतं, त्यासाठी तुझ्या लेन्सवर मधल्या रेषेच्या बाजूला लाल ठिपका असेल. नेहमीसारखा फोकस कर, मधल्या रेषेसमोर जे अंतर आलं ते फिरवून लाल ठिपक्यासमोर आण. २८ ला एफ-११ वर हे नाही केलंस तरी चालून जाईल, पण १३५ एमएमची लेन्स लावलीस तर नक्की कर. आणि शार्पनेसच्या लोभाने एफ-२२ ला जाऊ नकोस, लांब तरंगलांबीला डिफ्रॅक्शन (अरुंद छिद्रातून प्रकाश पसरणं) जास्त त्रास देतं, ११ च्या पुढे मी जात नाही.

ज्याला हे फिल्टर लाव-काढ नको वाटतं त्याने ट्विन लेन्स कॅमेरा बघावा. माझ्याकडे एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून घेतलेला यशिका मॅट आहे, त्यात बघायची लेन्स वेगळी आणि फोटो काढायची वेगळी, फिल्टर फक्त खालच्या लेन्सला, वरून निवांत बघत राहा. ही फिल्म अशा कॅमेऱ्यांना लागणाऱ्या १२० च्या रुंद रोलमध्ये पण येते. फक्त मागे लाल खिडकी असलेला जुना डबा कॅमेरा असेल तर त्या खिडकीवर काळी चिकटपट्टी, नाहीतर आकडे बघता बघता फिल्म भाजली जाते.

आता तो धूर. हा तुझ्या लोडिंगचा धूर आहे. या फिल्मचा बेस पॉलिएस्टरचा, स्वच्छ काचेसारखा, आणि बाहेर डोकावणारी जीभ उन्हात आली की उजेड तिच्या जाडीतून पाइपातून पाणी जावं तसा डब्याच्या आत शिरतो. निगेटिव्ह उजेडासमोर धरून बघ, धुरात कडेच्या भोकांचे पुसट ठसे दिसतील, भोकांच्याच अंतराने. दिसले तर शंका नको. माझे असेच पाच फ्रेम गुंजवण्याच्या वाटेवर गेले, आंब्याखाली सावली आहे म्हणून रोल भरला, आंब्याची सावली म्हणजे या फिल्मसाठी सावलीच नव्हे, पानांमधून इन्फ्रारेड खुशाल गळत असतं. आता मी रोल घरी रात्रीच भरून जातो. गडावर बदलायची वेळ आली तर देवळाच्या आत कोपऱ्यात, जॅकेटखाली. संपल्यावर काढताना पण तेवढीच काळजी. आणि काळ्या प्लॅस्टिकच्या मूळ डबीतच ठेवायचा. उन्हात उभ्या गाडीत ठेवलास तर बाकी कशाची गरज नाही, उष्णताच काम करते. फ्रीजमधून काढल्यावर दोन-तीन तास डबी न उघडता बाहेर राहू दे, नाहीतर आत दव धरतं.

राजगडाचं. ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन आठवडे सोन्यासारखे, गवत अजून हिरवं, हवा धुतलेली, दुपारकडे कापसाचे ढग. सकाळी नऊ-साडेनऊपासून संजीवनी माचीवर जा आणि तोरण्याकडे बघ, ऊन तुझ्या पाठीशी, तोरणा समोरून उजळलेला, माचीच्या दुहेरी तटाच्या काळ्या रेषा पांढऱ्या उतारावरून वळत जातात. बेसाल्ट इन्फ्रारेडमध्येही काळाच राहतो आणि हीच आपल्या सह्याद्रीची मजा आहे, तटाच्या फटीत उगवलेलं गवत पांढरं आणि दगड काळा, खडूने रेघा ओढल्यासारखं. सुवेळा मात्र दुपारनंतर, बालेकिल्ल्यावरून, सकाळी त्या बाजूला सूर्य तोंडावर येतो आणि आकाश राखाडी होतं. पद्मावती तळं कुठल्याही उन्हात, पाणी इन्फ्रारेड शोषतं आणि काळ्या आकाशाचंच प्रतिबिंब दाखवतं, शाईसारखं दिसतं, त्यात एखादा ढग उतरला तर बघायलाच नको. हाच नियम हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला लाव, तो पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळी गेलास तर कडा नुसता काळा खड्डा येईल, दोन-तीन वाजेपर्यंत थांबावं लागतं.

लांबच्या धुरकट डोंगरांचं पण सांगतो कारण त्यात गैरसमज फार. ऑक्टोबरातला तो निळसर धुरकटपणा ही फिल्म छान कापते, राजगडावरून सिंहगडाचा टॉवर डोळ्याला पुसट दिसत होता तो निगेटिव्हवर टाचणीसारखा आला होता. पण पावसाळ्यातलं धुकं ती कापत नाही, ढगाचा थेंब इन्फ्रारेडसाठीही मोठाच असतो. जुलैत धुक्यात आर-७२ लावून काही मिळवीन म्हणणाऱ्याला माझा नमस्कार.

आणि एक कबुली देतो. पहिली दोन-तीन वर्षं मी पांढरं झाड दिसलं की शटर दाबायचो. सगळे फोटो सारखे. कारण इन्फ्रारेडमध्ये आंबा, जांभूळ, कारवी, गवत सगळं एकाच पांढऱ्यात मिसळतं, आपल्याला जे हिरव्याचे पन्नास प्रकार दिसतात ते तिथे नाहीत, नुसत्या जंगलाचा फोटो म्हणजे पिठाचा ढीग. त्याला काळं काहीतरी लागतं, दगड, पाणी, तट, सावलीतली घळ. जुलैअखेर मावळात भाताची लावणी नुकतीच झालेली असते, पाणी काळं आणि त्यात रोपांचे पांढरे ठिपके ओळीने, बांध पांढरे. अर्धा तास उघडीप मिळाली तरी पुरे. त्यासाठी मी तीन पावसाळे वाट बघितली आणि मिळाल्या दोन फ्रेम, त्यातल्या एकीत लावणीवाल्या बायका, डोक्यावर इरलं नाही काळं प्लॅस्टिक, आणि एकीची काळी छत्री चक्क करडी, कापडाचे बरेच काळे रंग इन्फ्रारेडमध्ये काळे नसतातच.

वाऱ्याचं लक्षात ठेव. १/८, १/४ ला माचीवरचं गवत हलतं आणि पांढरा पुसट पट्टा होतो. केबल रिलीज वापर, तुझ्या कॅमेऱ्याच्या बटणाला जुन्या पद्धतीची आट्यांची बसते, आणि वाऱ्याचा झोत ओसरेपर्यंत थांब, तो ओसरतोच.

डेव्हलपिंग घरीच कर. काही लॅबच्या मशीनमध्ये फिल्म ओळखायला इन्फ्रारेडचे सेन्सर असतात, एका लॅबने माझा आख्खा रोल बाजूने पट्टा पाडून परत दिला होता आणि वर म्हणाले फिल्मच खराब असेल. डी-७६ हा डेव्हलपर एकास एक पाण्यात चालतो, फिल्मच्या कागदावरची वेळ बघायची आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हाचा रोल असेल तर त्यातून दहा टक्के कमी करायची, कारण काळ्या सावल्या आणि पांढरी पानं यात कॉन्ट्रास्ट आधीच डोक्यावर बसलेला असतो. सावलीसाठी एक्स्पोजर वाढव, पांढऱ्यासाठी डेव्हलपिंग कमी कर, जुनाच नियम आहे. आपल्याकडे नळाचं पाणी २०° ला कधी नसतं, बादलीत बर्फाची पिशवी टाकून डेव्हलपरची बाटली त्यात उभी कर, थर्मामीटर डेव्हलपरमध्ये, बादलीत नव्हे. स्कॅन करताना धूळ काढायचा तो आइसचा पर्याय बंद ठेव, तो इन्फ्रारेडनेच धूळ शोधतो आणि चांदीच्या निगेटिव्हवर सगळी चांदीच त्याला धूळ वाटते.

तू अजून काही गोष्टी विचारल्यास. जुन्या इन्फ्रारेड फोटोंत झाडाभोवती दिसतो तो पसरलेला उजेड का नाही आला? कारण तो इन्फ्रारेडचा गुण नव्हताच, एचआयई ला मागे परतणारा उजेड शोषणारा थर दिलेला नव्हता, म्हणून उजळ भागातून प्रकाश सांडायचा. तुझ्या फिल्मला तो थर आहे. क्रोएशियात फोटोकेमिकाची एफ्के म्हणून एक यायची, तिच्या एका प्रकारात तो थर काढलेला असायचा, तो कारखाना २०१२ मध्ये बंद पडला. आणि तू विचारलेली ती लाल-गुलाबी झाडं म्हणजे कोडॅकची एरोक्रोम, रंगीत फिल्म, झाडीत लपवलेलं लष्करी सामान वरून ओळखायला या जातीची फिल्म निघाली, कारण हिरवा रंग फासलेलं कापड डोळ्याला पान वाटतं पण इन्फ्रारेडमध्ये फसवता येत नाही. रिचर्ड मॉस या आयरिश फोटोग्राफरने काँगोतलं युद्ध तिच्यावर टिपलं, २०१३ मध्ये व्हेनिसला आयर्लंडच्या दालनात ते दाखवलं गेलं. ती फिल्मही बंद आहे, तिच्या मागे लागू नकोस, जुने रोल काय भावाने विकतात ते बघून झोप उडते. इल्फर्डची एसएफएक्स २०० मिळते, ती ७४० पर्यंतच बघते, आर-७२ लावून तिच्यावर परिणाम सौम्य येतो आणि एक्स्पोजर खूप वाढवावं लागतं. मला ती लँडस्केपला अळणी वाटते, माणसांच्या फोटोंना बरी.

डिजिटल कॅमेरा बदलून घ्यावा का? नुसती पांढरी झाडं हवी असतील तर हो, जुन्या कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोरची काच काढून घे, चार रोलच्या भानगडीत पैसे वसूल होतील आणि मागे स्क्रीनवर लगेच दिसेल. मी फिल्मवर का राहिलो त्याला काही मोठं कारण नाही, मला ते दिसत नाही हेच आवडतं. तीन तास माचीवर बसून आपण काय काढलंय ते माहीत नसणं.

दुसऱ्या रोलचा हिशोब सांगतो. पहिल्या चार फ्रेम सोडून दे, त्या झाकण लावून उडवायच्या. उरल्या ३२, तीन-तीनच्या हिशोबाने दहा जागा आणि दोन शिल्लक. आठ जागा घरीच नकाशा बघून ठरव, ऊन कुठून येणार ते धरून. दोन जागा मोकळ्या ठेव. त्या उरलेल्या दोन फ्रेम पद्मावती तळ्यासाठी, ढग पाण्यात उतरेपर्यंत हात लावू नकोस.